सहा नि आठच्या मधला आकडा

आधीच सांगून टाकते. सहा नि आठ यांच्या मध्ये जो आकडा आहे, तो मी उच्चारत नाही. लिहीतही नाही. हसा खुशाल. लास वेगासच्या जुन्या भागात बेचाळीस वर्षं क्रॅप्सच्या, म्हणजे फाशांच्या जुगाराच्या, टेबलावर काढलीत मी. त्या टेबलाशी उभं राहून ज्यानं तो आकडा मोठ्यानं घेतला, त्याचं लोक काय करतात ते या डोळ्यांनी बघितलंय. आम्ही त्याला नुसतं ‘लाल’ म्हणतो. तुम्हीही तसंच समजा. शेवटी एकदा लिहावा लागणार आहे, तेव्हा लिहीन.

सांगायचं आहे ते व्हर्लिन टॅकेट यांच्याबद्दल. केंटकीतून आलेला माणूस. उंच, काटकुळा, कोपरं अशी टोकदार की शेजारून जाताना जपून जावं. कॉपर लँटर्न नावाच्या आमच्या कसिनोत ते काठीवाले होते. काठीवाला म्हणजे हातातल्या लांब वेताच्या काठीनं फासे फेकणाऱ्यापुढे सरकवणारा आणि पडलेला आकडा खणखणीत आवाजात पुकारणारा. टेबलाचा आवाज तोच. व्हर्लिननी पुकारलेला आकडा दाराबाहेर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या माणसालाही कळायचा.

खेळ सोपा आहे. फेकणाऱ्याचा एक आकडा ठरतो आणि तो पुन्हा पडेपर्यंत तो फेकत राहतो. तोवर टेबलाच्या कठड्याभोवती दाटीवाटीनं उभे असलेले सगळे त्याच्या मनगटावर जीव लावून असतात. मध्येच लाल पडला की खेळ खलास. पैशांऐवजी मांडलेल्या चिप्स आम्ही ओढून घेतो आणि फासे पुढच्याकडे जातात. आता मला सांगा, ज्या एका आकड्यानं पंधरा-वीस माणसांच्या तोंडचा घास जातो, त्याचं नाव कोण घेईल? शहाणा माणूस नाहीच घेणार.

शहात्तर सालच्या मार्च महिन्यात मी तिथे लागले. चोवीस वर्षांची होते, पदरात सहा वर्षांची डार्ला. रे नावाचा माझा नवरा आम्हाला सोडून ओहायोला आईकडे निघून गेला होता. गेला तो गेला, वर त्याच्या आईनं पोरगी आपल्याला मिळावी म्हणून कोर्टात अर्ज टाकला. सुनेला धड नोकरी नाही, घर नाही, ती काय पोर वाढवणार, असं त्यात लिहिलं होतं. बाईनं पाच वर्षांत नातीला एक बाहुली पाठवली नव्हती, पण अर्ज मात्र चांगला चार पानी होता. न्यायाधीशांनी मला नव्वद दिवस दिले. नव्वद दिवस एका जागी टिकून दाखवायचं आणि मालकाचं तसं पत्र आणायचं. नाहीतर डार्ला ओहायोला जाणार.

आमच्याकडेही नव्या डीलरला, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्याला, नव्वद दिवस कच्चंच ठेवत. एक मोठी तक्रार आली की बाहेरचा रस्ता, कारणसुद्धा सांगत नसत. त्यातून मी बाई. त्या वेळी क्रॅप्सच्या टेबलावर बायका बोटांवर मोजण्याएवढ्या. आमचा बॉस हॉर्टन मला बघून नाक मुरडायचा, “बाईनं फाशांना हात लावला की टेबल थंड होतं,” म्हणायचा. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांचं नेमकं उलट. पहिल्यांदाच फासे फेकणारी बाई म्हणजे साक्षात लक्ष्मी आल्यासारखं करायचे! मग मीच तेवढी पनवती कशी, हे हॉर्टनला विचारायची सोय नव्हती.

पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढे नोटा धरल्या आणि मी भोळेपणानं त्याच्या हातातून घेतल्या. व्हर्लिननी काठी आडवी धरली.

“पोरी, चर्चमध्ये दान गोळा करतेस का? ठेवायला सांग त्यांना टेबलावर.”

“का पण?”

“हातातून हातात पैसे घेतलेस की त्यांचं नशीबही तुझ्या हातात येतं. सांभाळता येणार आहे तुला?”

म्हातारा लगेच घाबरून नोटा परत मागायला लागला. खरं कारण एवढंच, की वरून लक्ष ठेवणाऱ्यांना प्रत्येक नोट दिसायला हवी. पण व्हर्लिनना नियम कधी कोरडा सांगता यायचा नाही. एकाच हातानं फासे उचला, दोन्ही हातांत घोळवू नका. फासा टेबलाखाली पडला तर तोच परत मागा, नवा घेतलात की गेलातच. एखाद्याचा हात रंगात आला असेल तर मध्येच येऊन पैसे सुट्टे करून मागू नका. फेकणाऱ्याच्या विरुद्ध पैसे लावले असतील तर जिंकल्यावर गालातल्या गालात हसा, नाचू नका. आणि फासे निघाले की हात वर. कठड्यावरून आत लोंबलेल्या हाताला फासा लागला की लाल पडतोच पडतो, अशी त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाची खात्री होती, आणि ज्याचा हात त्याची खैर नसायची.

एक गोष्ट मात्र ते कुणाला शिकवत नसत, गुपचूप करायचे. पडलेल्या दोन फाशांची बेरीज जर लाल होत असेल, तर पुढच्याकडे सरकवताना काठीच्या टोकानं एक फासा हळूच उलटा करायचे. नव्या माणसाच्या समोर तो आकडा जाऊ नये म्हणून. कुणी बघो न बघो, हजार वेळा तेच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “पाहुण्याला कुणी फुटक्या कपात कॉफी देतं का?”

घरीही तीच तऱ्हा. त्यांची बायको इर्मा हसून हसून सांगायची. सतरा तारखेला लग्न ठरलं होतं, तर या गृहस्थांनी पाद्रीबाबांना एक दिवस थांबवलं. स्वस्तात मिळत असलेलं घर दारावरच्या नंबरापायी सोडलं. “माझ्या वयाच्या प्रत्येक दशकात एक वर्ष हा मला वय विचारतच नाही,” म्हणायची, “तेवढंच बरं.”

इर्माची ओळख झाली ती डार्लामुळे. जेवणाच्या सुट्टीत एकदा मी मागच्या खोलीत डोळे पुसत बसले होते. पोरीला सांभाळणारी बाई सोडून गेली होती. व्हर्लिन समोर सँडविच खात होते. माझं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी त्यांची जुनी गाडी, आत इर्मा, मांडीवर विणकाम. “चल गं डार्ला, मला आजपासून एक मदतनीस हवी आहे,” म्हणाली. दिवसाचे किती घेणार विचारलं तर अशी रागावली की पुन्हा तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. अशी माणसं मला मिळाली. का मिळाली, मी काय पुण्य केलं होतं, मला आजही सांगता येणार नाही.

दोनच आठवड्यांत शाळेतून चिठ्ठी आली. ‘आपली मुलगी हुशार आहे, पण मोजताना पाच, सहा, लाल, आठ असं म्हणते. कृपया घरी लक्ष द्यावे.’ मी कपाळावर हात मारला. व्हर्लिन सुट्टीच्या दिवशी डार्लाला घेऊन परसातल्या कोंबड्यांची अंडी गोळा करायचे, आणि दोघं मिळून मोजायचे. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोनदा वाचली.

“यात चूक काय आहे?” म्हणाले.

“व्हर्लिन, ती पहिलीत आहे!”

“बरं बरं. आता आम्ही सहाच्या पुढं मोजणारच नाही. कोंबड्यांनाही सांगतो तसं.”

असे चौऱ्याऐंशी दिवस गेले. रोज सकाळी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक फुली मारायची. सहाच फुल्या राहिल्या होत्या.

त्या शुक्रवारी दुपारी मिस्टर डिलर्ड आले. बेकर्सफील्डला गुरांच्या खाद्याचा मोठा धंदा, दर शुक्रवारी यायचे, मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना नावानं ओळखायचे. व्हर्लिनच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय फासे उचलायचे नाहीत. त्या दिवशी त्यांचा हात असा काही रंगला की बोलायची सोय नाही. त्यांचा आकडा नऊ. नऊ पडेना, पण लालही पडेना, आणि बाकीचे सगळे आकडे पडत होते, त्यांवर लावलेल्यांना दर फेकीला पैसे मिळत होते. चाळीस मिनिटं! टेबलाभोवती माणसांची तिहेरी भिंत. एक बाई दर फेकीला तिच्या गळ्यातल्या क्रॉसचं चुंबन घेत होती. एकाला लघवीला जायचं होतं, तर शेजाऱ्यानं त्याचा सदरा धरून ठेवला, “हलू नकोस, तू हललास की संपलं.” तो बिचारा एका पायावरून दुसऱ्या पायावर. हॉर्टन मागे उभा राहून नखं खात होता.

मी टेबलाच्या टोकाला. माझ्यासमोरच्या क्रॉसवाल्या बाईनं शेवटच्या क्षणी चिप्स टाकल्या, “आठवर, आठवर ठेव गं!” आणि व्हर्लिननी पुकारलं, “फासे निघाले! हात वर!”

ऐकलं होतं मी. शपथेवर सांगते, ऐकलं होतं. पण वाटलं, एवढ्या चिप्स ठेवून होतील. नव्या माणसाची हीच खोड. आपल्याला जमेल असं वाटतं.

फासा माझ्या बोटाच्या पेरावर आदळला. एक जागीच पडला, चौका. दुसरा उसळून मागच्या भिंतीपाशी गेला आणि एका कोपऱ्यावर भोवऱ्यासारखा फिरायला लागला. सगळ्यांनी बघितलं होतं. डिलर्डनी मान वर केली, माझ्याकडे वळवली, त्यांचं तोंड उघडलं. हॉर्टननं नखं खाणं थांबवलं. कॅलेंडर दिसलं, त्यावरच्या सहा कोऱ्या चौकटी दिसल्या.

फासा अजून फिरत होता. आणि व्हर्लिन टॅकेट यांनी, ज्यांनी चाळीस वर्षांत अंडी मोजतानासुद्धा तो शब्द तोंडातून काढला नव्हता, त्यांनी आपल्या त्या खणखणीत आवाजात तो आकडा उच्चारला. स्पष्ट. दाराबाहेरच्यालाही कळावा असा.

फासा पडला. तिर्री. चार नि तीन.

मग जे झालं ते काय सांगू! आकाशच कोसळलं. “तू बोललास! तू बोललास ते!” क्रॉसवाली बाई रडायला लागली. एकानं ग्लास आपटला. डिलर्डचा चेहरा बिटासारखा झाला होता. “चाळीस मिनिटं! व्हर्लिन, चाळीस मिनिटं मी हा हात धरला, आणि तू? तू?” माझ्या बोटाचं नावही कुणी घेतलं नाही. माझ्याकडे कुणी बघेचना. वीस माणसांचा संताप कुठेतरी कोसळणार होता, आणि व्हर्लिननी त्याला बोलावून आपल्या अंगावर घेतलं होतं.

“हा माणूस पुन्हा या टेबलाशी दिसला,” डिलर्ड हॉर्टनला म्हणाले, “तर मी रस्त्यापलीकडे खेळायला जाईन.”

हॉर्टननं नुसतं बोटानं दार दाखवलं. व्हर्लिननी काठी टेबलावर आडवी ठेवली, हळू, झोपलेल्या पोराला ठेवावं तशी. टेबल सोडताना आम्ही डीलर एक टाळी वाजवतो आणि दोन्ही तळहात उलटसुलट करून दाखवतो, हातात काही लपवलेलं नाही म्हणून. त्यांनी टाळी वाजवली, तळहात दाखवले आणि निघून गेले.

टेबलावरची माझी पाळी संपताच मी धावत मागच्या दाराशी गाठलं त्यांना. हातात त्यांचा डबा नि टोपी, एवढंच काय ते सामान.

“मी आत्ता जाते हॉर्टनकडे. सांगते की हात माझा होता.”

“जा की. म्हणजे दोघांची नोकरी जाईल. फार छान हिशेब आहे.”

“पण तुम्ही मुद्दाम—”

“जीभ घसरली, पोरी. वय झालं.”

“तुमची? घसरली?”

“घसरते एखाद्याची.” टोपी डोक्यावर ठेवली. “उद्या इर्मा नेहमीच्या वेळी येईल. डार्लाचे रबरी बूट पाठव, कोंबड्यांच्या आवारात चिखल झालाय.”

मी तिथेच जिन्यावर बसून हमसाहमशी रडले. आणि हॉर्टनकडे गेले नाही. गेले नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. पुढचे सहा दिवस मी टेबलावर हात असे जपले, जसे काही ते दुसऱ्या कुणाकडून मागून आणलेत.

कोर्टात सासूबाई आल्या होत्या, हॅट घालून, ओहायोहून वकील घेऊन. मी पत्र दिलं. न्यायाधीशांनी ते मोठ्यानं वाचलं: “नव्वद दिवस नियमित हजर. एकही तक्रार नाही.” मी मागे वळून बघितलं. शेवटच्या बाकावर व्हर्लिन नि इर्मा बसले होते. व्हर्लिन छताकडे बघत होते, जणू तिथे काही फार महत्त्वाचं लिहिलंय.

मग न्यायाधीशांनी डार्लाला जवळ बोलावलं. “वय किती गं तुझं?”

“सहा. पुढच्या महिन्यात मी लाल होणार.”

वकील ताडकन उठला. “ऐकलंत, युवर ऑनर? पोरीला आकडे येत नाहीत! जुगाऱ्यांची भाषा शिकतेय ती!”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “वकीलसाहेब, आपण कुठले?”

“डेटन, ओहायो.”

“या गावात कधी आलात?”

“काल.”

“मग असं करा. आज संध्याकाळी कुठल्याही क्रॅप्सच्या टेबलाशी जा आणि तो आकडा मोठ्यानं म्हणा. उद्या मला येऊन सांगा, कुणाला काय येत नाही ते.” आणि डार्लाकडे वळून म्हणाले, “बाळ, शाळेत मात्र खरा आकडा म्हणायचा. तिथं चालतं.”

डार्ला माझ्याकडे राहिली.

व्हर्लिनना मोठ्या कसिनोंनी दार उघडलं नाही. ही बातमी अशा गावात वाऱ्यासारखी जाते. रस्त्याच्या टोकाला एक लहानसं ठिकाण होतं, पंचवीस सेंटचा डाव चालायचा, तिथे लागले. पगार अर्धा, टेबलावरचं कापड फाटकं. विचारलं की म्हणायचे, “इथली माणसं जास्त मजेत हरतात.” तिथेही पाहुण्यासमोर लाल जाऊ देत नसत, फासा उलटायचे. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बघितलंय. आणि त्या दिवसाचा विषय काढला की एकच उत्तर, जीभ घसरली. मला कधी कधी खरंच वाटायचं, असेलही घसरली. पण लगेच लाज वाटायची तसं वाटल्याची.

पुढच्या महिन्यात डार्लाचा वाढदिवस त्यांच्याच परसात केला. इर्मानं केक केला होता, कोंबड्या टेबलाखाली घुटमळत होत्या. मेणबत्त्या लावल्या आणि डार्ला बोट नाचवत मोजायला लागली. “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा...” मग सवयीनं थांबली आणि व्हर्लिनकडे बघितलं. पुढचा नेहमी ते दोघं मिळून म्हणायचे.

व्हर्लिननी गळ्यातला टाय सारखा केला. टेबलाशी उभे राहायचे तसे ताठ झाले.

“सात,” म्हणाले. खणखणीत. पलीकडच्या अंगणातल्या कुत्र्यानं मान वर केली.

इर्माच्या हातातली सुरी तशीच राहिली. मी म्हटलं, “व्हर्लिन, घसरली का हो जीभ?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी सरळ.

“नाही, पोरी. दोन्ही वेळा नाही.”

मग त्यांनी एक टाळी वाजवली, दोन्ही तळहात उलटसुलट करून डार्लाला दाखवले आणि केकचा कोपऱ्यातला तुकडा मागितला.